एका संगणकाला स्कॅनर, प्रिंटर आणि काटा जोडताना

भोर-वेल्ह्याकडील जे किराणा व्यापारी बांधव दुकानात संगणक ठेवू इच्छितात, त्यांच्यासाठी आज आम्ही एका कामाची माहिती देत आहोत. बारकोड स्कॅनर, बिलाचा प्रिंटर आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एकाच संगणकाला जोडायचे कसे? काम कठीण नाही. मात्र काट्याची जोडणी चुकली तर बिलात चुकीचे वजन लागते आणि ग्राहकाचा हक्क मारला जातो. माप-तोलात कमी देणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेला इशारा आपणा सर्वांना ठाऊकच आहे.

सर्व यंत्रे एकदम जोडू नयेत. एक जोडावे, तपासावे, मगच दुसरे घ्यावे. म्हणजे बिघाड कोठे आहे ते लगेच कळते.

स्कॅनर : बहुतेक स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखेच वाटतात. नोटपॅड उघडून साबणाच्या वेष्टनावरील बारकोड वाचावा. आकडे उमटले की काम झाले.

प्रिंटर : ड्रायव्हर आधी टाकायचा की वायर आधी लावायची, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहावे. मग एक चाचणी बिल काढावे.

काटा : अनेक काट्यांना जुन्या पद्धतीचे नऊ पिनांचे सीरियल पोर्ट असते. नव्या संगणकाला ते नसल्यास यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर घ्यावा. संगणक त्याला कॉम ३, कॉम ४ असा क्रमांक देतो. तोच क्रमांक आणि काट्याचा बॉड रेट बिलाच्या प्रोग्रॅममध्ये भरावा. कन्व्हर्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टमध्ये लावल्यास हा क्रमांक बदलू शकतो. म्हणून ठरलेल्या पोर्टजवळ चिठ्ठी चिकटवावी. जोडणीसाठी काटा उघडू नये, कारण त्यावर वैधमापन खात्याचे सील असते.

वीज : यूएसबी २.० चे पोर्ट साधारण ५०० मिलिअँपिअर, तर ३.० चे ९०० मिलिअँपिअर वीज देते. पोर्ट कमी पडल्यास स्वतःचा अडॅप्टर असलेला हब घ्यावा. साध्या हबमध्ये एवढीच वीज सर्व यंत्रांत वाटली जाते. यूएसबी २.० ची वायर पाच मीटरपेक्षा लांब नसावी. पावसाळ्यात वीज जाते-येते, म्हणून संगणक यूपीएसवर ठेवावा. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर लावू नये. तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो.

रोजची तपासणी : दुकान उघडताच प्रमाणित एक किलोचे वजन काट्यावर ठेवावे, नंतर दोन किलोचे. दोन्ही वेळा काट्यावरील आणि संगणकावरील आकडा पडताळावा. संगणकावर पहिलाच आकडा अडकून राहिला, तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत काट्यावरचे वजन पाहून हाताने बिल करावे. काटाच चुकत असेल तर तो बाजूला ठेवावा.

या तपासणीला दोन मिनिटे लागतात. तेवढ्याने ग्राहकाचा विश्वास टिकतो आणि, इन्शाअल्लाह, कमाईत बरकत राहते.