आकाशातून येणारे चित्र आणि तारेतून येणारे चित्र

घरातील दूरचित्रवाणी संचापर्यंत आज चित्र दोन वाटांनी येते. एक वाट गच्चीवरच्या डिशमधून, दुसरी इंटरनेटच्या तारेतून. गेल्या दहाएक वर्षांत अनेक घरांनी पहिली वाट सोडून दुसरी धरली. ‘डिशचा रिचार्ज आता कशाला, नेटवर सगळे दिसते,’ हे वाक्य आपणा सर्वांच्या कानांवरून गेलेले आहे. या बदलाकडे बहुधा केवळ सोय म्हणून पाहिले जाते; हवे ते, हवे तेव्हा पाहता येते, आणि ते खोटे नाही. परंतु या दोन वाटांची जातच मुळात निराळी आहे. ती ध्यानात घेतल्याखेरीज या बदलात कोणाला काय लाभले आणि कोणाचे काय गेले, याचा हिशेब लागत नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

प्रथम आकाशाची वाट पाहू. विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्याच गतीने फिरतो. त्यामुळे जमिनीवरून तो एका जागी स्थिर भासतो आणि डिश एकदा रोखून बसवली की पुरते. केंद्रावरून वर पाठवलेले चित्र तो सबंध देशावर खाली सोडतो. खाली ते किती जण झेलतात याच्याशी त्याला कर्तव्य नसते. पाहणारे घर एक असो की एक कोटी, उपग्रहावरचा भार तेवढाच. डोंगरातल्या शेवटच्या घरासाठी त्याला वेगळे कष्ट पडत नाहीत.

भारताने उपग्रहाचा विचार प्रथम केला तो याच गुणासाठी, हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. विक्रम साराभाई यांनी ही कल्पना मांडली. ती प्रत्यक्षात उतरलेली पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षभरात अमेरिकेच्या ‘एटीएस-6’ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्यात आले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. जेथे डांबरी सडकही धड पोचली नव्हती तेथे चित्र पोचले. करमणुकीचा उपग्रह त्यानंतर आला: 1991 मध्ये हाँगकाँगहून स्टार, 1992 मध्ये झी, आणि त्यांच्यामागोमाग गल्लोगल्लीचा केबलवाला. डिसेंबर 2004 मध्ये दूरदर्शनने स्वतःची थेट घरपोच सेवा सुरू केली. आज ‘फ्री डिश’ म्हणतात ती हीच. डिश व पेटी एकदा विकत घेतली की दरमहा काही द्यावे लागत नाही.

तारेची वाट याच्या नेमकी उलट आहे. तेथे मागितल्यावाचून काही येत नाही. आपण कार्यक्रमावर बोट ठेवले की घरातील यंत्र दूरच्या संगणकाकडे मागणी करते; चित्राचे काही सेकंदांचे तुकडे पाडलेले असतात, ते एकामागून एक मागवले जातात. तार मंदावली तर यंत्र आपण होऊन हलक्या प्रतीचा तुकडा मागते. चित्र मधूनच पुसट होते ते यामुळे. अर्थात प्रत्येक घरासाठी प्रवाह वेगळा. 19 नोव्हेंबर 2023 रोजी विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना इंटरनेटवर एका वेळी 5 कोटी 90 लाख जणांनी पाहिला. माणशी सेकंदाला अवघा एक मेगाबिट धरला तरी दर सेकंदाला 5 कोटी 90 लाख मेगाबिट वाहून न्यावे लागतात. हे एका जागेवरून जमणे नाही. म्हणून त्याच चित्राच्या प्रती शहरोशहरी प्रेक्षकांच्या जवळच्या संगणकांत ठेवाव्या लागतात. आकाशाने हेच काम एका उपग्रहावर केले असते.

यातून एक गमतीचा विरोधाभास उद्भवतो. उपग्रहाकडे जाऊन परत येण्याचे अंतर सुमारे 72,000 किलोमीटर, पण लहरींना त्यास पाव सेकंदच लागतो. तुकडे पाडणे, साठवणे, मागवणे यांत मात्र कित्येक सेकंद जातात. म्हणूनच शेजारच्या डिशवाल्या घरातील आरोळी आधी ऐकू येते आणि चौकार आपल्याला मागाहून दिसतो!

डिशची बाजू मांडताना तिचा दोष झाकण्याचे कारण नाही. छोट्या डिशसाठी वापरतात त्या लहरींची लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. मुसळधार पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. कोकणातल्या आषाढात ऐन मालिकेच्या वेळी पडदा काळा पडणे नवे नाही. केबलवाल्याची मोठी डिश बहुधा अधिक लांबीच्या लहरींवर चालते, म्हणून ती टिकाव धरते.

मागणी करावी लागते याचा आणखी एक परिणाम मला अधिक गंभीर वाटतो. फ्री डिशच्या घरात कोण काय पाहते हे आकाशाला कळत नाही. ते अजमावण्यासाठी निवडक घरांत मीटर बसवावे लागतात. तारेवर मात्र आपण कोणते दृश्य अर्धवट सोडले, कोणते दोनदा पाहिले, हे पाठवणाऱ्याला सहज नोंदून ठेवता येते. जाहिरातदाराला असा प्रेक्षक हवाच असतो. जून 2022 मध्ये आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव झाला तेव्हा भारतातील दूरचित्रवाणीचे हक्क 23,575 कोटींना गेले. इंटरनेटचे दोन गट मिळून 23,758 कोटींना. बाजाराचा कल येथे स्पष्ट दिसतो.

आता सामान्य घराचा हिशेब. स्वच्छ चित्रासाठी सेकंदाला पाच मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी खर्ची पडतात. ज्याच्याजवळ रोज दीड जीबीचा मोबाइल पॅक आहे, त्याचा चित्रपट मध्यंतराआधीच संपेल. यावर उपाय म्हणजे घरात येणारी फायबरची तार. आपल्या तालुक्यांच्या गावी ती पुष्कळदा कालचा केबलवालाच ओढतो. खांब तेच, गिऱ्हाइके तीच. त्याचे गणितही सरळ आहे: घरे दाट तेथे तार परवडते. आकाशाला असे गणित कधी करावेच लागले नव्हते. दूरदर्शननेही नोव्हेंबर 2024 मध्ये पणजीच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ ही आपली इंटरनेट सेवा सुरू केली. परंतु फ्री डिश बंद केली नाही, हे योग्यच झाले. शेवटच्या खांबापलीकडच्या वस्तीवर, पत्र्याच्या छपराला तारेने आवळलेली ती डिश अजून आग्नेयेकडे तोंड करून उभी असते, आणि सह्याद्री वाहिनीच्या सायंकाळच्या बातम्या तेथे कोणाचे नावगाव न विचारता लागतात.