रंगांची ओळख : घरातल्या वस्तूंनी, मायबोलीतल्या नावांनी





बालवर्गाच्या पालकसभेत एक प्रश्न नेहमी येतो. "आमचं लेकरू अडीच वर्षांचं झालं, तरी लाल-पिवळ्यात चुकते. काही कमी तर नाही ना?" या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहावे, असे आम्हाला वाटले.

सर्वप्रथम, घाबरू नका. साधारण चार महिन्यांच्या बाळाला रंगांतला फरक दिसू लागतो. पण रंगाचे नाव बरोबर सांगणे बहुतेक मुलांना तिसऱ्या-चौथ्या वर्षीच जमते. 'वाटी' हातात धरता येते, 'लाल' धरता येत नाही. लाल वाटीही असते, लाल मिरचीही आणि लाल टोपीही. या सगळ्यांत समान काय, हे लेकराला स्वतः शोधावे लागते. म्हणून तक्ता पाठ करून घेण्यापेक्षा हाताने करण्याच्या कृती अधिक उपयोगी पडतात.

यासाठी महागडे साहित्य लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांमध्ये हे काम वाढले. विकतची साधने न परवडणाऱ्या त्या बालवाड्यांत खडे, शिंपले, पाने व बिया हेच शिक्षणाचे साहित्य झाले. पांढुर्णा-सौंसर भागात तर निसर्गाने रंगांची पेटीच उघडून ठेवली आहे.

घरी करून पाहण्यासारख्या कृती :

१) एका आठवड्यात एकच रंग. या आठवड्यात पिवळा, तर पिवळ्या वस्तू टोपलीत जमवा : लिंबू, झेंडू, चण्याची डाळ. डाळ चिकटवताना मोठे माणूस जवळ असावे. लहान मुले दाणे नाकात-तोंडात घालतात.

२) संत्र्याचा बगीचा. कोवळे फळ हिरवे, मग पिवळसर, शेवटी नारंगी. तिन्ही अवस्थांची फळे ओळीने मांडा आणि बोटाच्या ठशांनी कागदावर तीच ओळ काढायला लावा.

३) पऱ्हाटीचे फूल. उमलते त्या दिवशी पांढरट-पिवळसर, दुसऱ्या दिवशी गुलाबी. दोन दिवस लागोपाठ तेच फूल दाखवा. फवारणी झालेल्या शेतात मात्र लेकरांना नेऊ नका.

४) पळस आणि हळद. फाल्गुनात पळसाची फुले रात्रभर भिजवली की केशरी-पिवळे पाणी मिळते. हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते लालसर होते. ही जादू मुले पुन्हा पुन्हा करायला सांगतात.

५) तान्हा पोळा. मातीचा नंदी मुलांनाच रंगवू द्या. बैल निळा झाला तरी चालेल, "असा बैल असतो का?" असे म्हणू नका.

बोलताना एक लहानसा बदल करा. "लाल फुगा बघ" यापेक्षा "फुगा बघ, तो लाल आहे" असे म्हणा. आधी वस्तू, मग रंग. अमेरिकेत मायकेल रॅमस्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला, त्यात या क्रमाने मुले रंग अधिक चांगले शिकली.

आता भाषेविषयी. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आणि हिंदीवर आमचे प्रेम आहे. लेकरू घरी 'हिरवा', शाळेत 'हरा' व टीव्हीवर 'ग्रीन' ऐकते, त्याने ते गोंधळून मागे पडत नाही. दोन्ही भाषांत गंमत आहे : मराठीने जांभळाकडे पाहून 'जांभळा' म्हटले, हिंदीने त्याच रंगाला वांग्यावरून 'बैंगनी' म्हटले. पण शाळेत हिंदी आणि इंग्रजी आपोआप मिळतात. मराठी नावे घरीच मिळतील. हिरवा पोपट, हिरवी मिरची, हिरवं पान हे तीन लिंगांचे बोलणे कानावर पडले तरच टिकेल. अबोली, आमसुली, मोरपंखी, विटकरी, राखाडी हे शब्द आजी-आजोबांनी लुगडे, पागोटे दाखवत सांगावे. आई-बाबांच्या तोंडून ते गेले, तर नातवंडांपर्यंत पोचणार नाहीत.

एक सूचना : चार-पाच वर्षांनंतरही मूल लाल व हिरव्यात सतत चुकत असेल, तर रागावू नका, नेत्रतज्ज्ञांना दाखवा. रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो आणि मुलींपेक्षा मुलांत जास्त आढळतो. त्याचा बुद्धीशी काही संबंध नाही.

विश्वस्त महोदयांना विनंती की बालवर्गासाठी तयार संच विकत घेण्याआधी अंगणात झेंडू, जास्वंद व गोकर्ण लावण्यास जागा द्यावी. मोठ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी रोज एक रंग आपल्या लहान भावंडाला मराठीत सांगावा, आणि घरी ऐकलेले रंगाचे जुने नाव वहीत लिहून वर्गशिक्षकांना दाखवावे.