चूर्णाचे अचूक तोलन

पाणी, दूध, तेल यांसारखे द्रव मापाने मोजता येतात. मापात त्यांचा एक लिटर आज घेतला काय किंवा उद्या घेतला काय, तापमान तेच असेल तर त्यांत भरणारे द्रव्य तेवढेच असते. चूर्णाची गोष्ट निराळी आहे. चूर्ण म्हणजे कण आणि कणांमधील हवा यांचे मिश्रण होय. पेला पिठाने हलक्या हाताने भरावा आणि मग तो ओट्यावर चारदोनदा आपटावा. पीठ खाली बसून वर रिकामी जागा दिसू लागते. पीठ कमी झालेले नसते, केवळ कणांमधील पोकळी कमी झालेली असते. कणांचा आकार, त्यांचा ओलावा, भरण्याची उंची व भरणाऱ्याचा हात, या सर्वांवर मापातील चूर्णाचे वस्तुमान अवलंबून असते. म्हणून जेथे चूर्णाचे प्रमाण अचूक हवे तेथे माप बाजूला ठेवून तुलेचा आश्रय घ्यावा लागतो.

लहान वजनांची परंपरा

आपल्याकडील सोनार व वैद्य यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक घरोघरी पाठ असे. ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनांचा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅमचा ठरविण्यात आला. पुढे १९५६ च्या कायद्याने भारताने दशमान पद्धती स्वीकारली आणि ऑक्टोबर १९५८ पासून नवी वजने टप्प्याटप्प्याने बाजारात आली.

ग्रेन हे एकक मात्र एका क्षेत्रात जगभर टिकून राहिले आहे. बंदुकीच्या काडतुसातील दारू आजही अनेक देशांत ग्रेनमध्ये सांगतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत प्रत्येक काडतुसातील दारू सारखी असणे का महत्त्वाचे, हे साध्या गणिताने कळते. सेकंदाला ८०० मीटर वेगाने निघालेली गोळी, हवेचा रोध सोडून दिला तर, १००० मीटर अंतर १.२५ सेकंदांत कापते व तेवढ्यात सुमारे ७.७ मीटर खाली येते. वेगात केवळ शेकडा १ फरक पडला तरी लक्ष्यावर सुमारे १५ सेंटिमीटरांचा फरक पडतो. हे काम परवानाधारक कारखान्यांचे आहे. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. परंतु त्यामागील तत्त्व सार्वत्रिक आहे. लहानशा वजनातील चूक दूर अंतरावर मोठी होऊन दिसते.

भिलाईचे उदाहरण

हेच तत्त्व पोलादाच्या उद्योगात पाहावयास मिळते. सोव्हिएट संघाशी १९५५ साली झालेल्या करारानुसार भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. दल्ली-राजहरा येथील खाणींतून येणारे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी यांवर हा कारखाना वाढला. देशातील रेल्वेचे रूळ येथे तयार होतात.

भट्टीत खनिज, कोक व चुनखडी किती घालावी हे ठरविण्यासाठी खनिजात लोह किती व सिलिका किती ते आधी कळावे लागते. रासायनिक पृथक्करणाच्या जुन्या व खात्रीच्या पद्धतीत खनिजाचे सुमारे अर्धा ग्रॅम चूर्ण तोलून घेतात, ते हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवितात आणि पोटॅशियम डायक्रोमेटच्या द्रावणाने त्यातील लोह मोजतात. समजा, खनिजात शेकडा ६४ लोह आहे आणि चूर्ण तोलताना एका मिलिग्रॅमची चूक झाली. अर्ध्या ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅम म्हणजे शेकडा ०.२. त्यामुळे उत्तरात सुमारे ०.१३ इतका फरक पडेल. दहा हजार टनांच्या राशीत हा फरक १३ टन लोहाचा होतो. म्हणून अशा कामासाठी एका मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखविणारी तुला वापरतात. आता क्ष-किरणांच्या साहाय्याने पृथक्करण करणारी यंत्रे आली आहेत. पण त्यांच्यासाठी लागणारे नमुने आणि प्रमाण-द्रव्येही तोलूनच तयार करावी लागतात.

चूक कोठून शिरते?

पहिली चूक ओलाव्याची. बारीक चूर्ण हवेतील बाष्प शोषून घेते. म्हणून ते सुमारे १०५ अंश सेल्सियसवर वाळवून, ओलावा शोषणारे द्रव्य ठेवलेल्या झाकणबंद काचपात्रात थंड होऊ द्यावे लागते. पावसाळ्यात याची विशेष गरज असते.

दुसरी चूक उष्णतेची. कुपी गरम असताना पारड्यात ठेवली, तर तिच्या भोवतीची हवा तापून वर जाते व कुपी असते त्याहून हलकी भासते.

तिसरी चूक विजेची. कोरड्या हवेत चूर्ण व काच यांच्या घर्षणाने विद्युत्भार निर्माण होतो; कण कडेला चिकटतात आणि तुलेचा आकडा स्थिर राहत नाही.

चौथी चूक खुद्द तुलेची. विजेवर चालणारी तुला वस्तुमान नव्हे, तर वस्तूवरील गुरुत्वाकर्षणाचा जोर मोजते. हा जोर स्थळपरत्वे थोडा बदलतो. म्हणून अशी तुला जेथे वापरावयाची तेथेच प्रमाण-वजनाने तपासून घ्यावी लागते.

पाचवी चूक सर्वांत फसवी असते. ती नमुन्याची होय. राशीच्या एकाच कडेचे चूर्ण घेतले, तर उत्कृष्ट तुलाही चुकीच्या वस्तूचे अचूक वजन सांगेल. म्हणून खनिज फोडून, मिसळून, त्याची शंकूसारखी रास करतात. ती चपटी करून चार भाग पाडतात व समोरासमोरचे दोन भाग ठेवतात. पुरेसा लहान नमुना उरेपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

एका वाटीत दहा वेळा पीठ भरून, कडेने पट्टी फिरवून, प्रत्येक वेळी पिठाचे वजन लिहावे. मग हाच प्रयोग बारीक मिठाने करावा. सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वजनांतील फरकाला सरासरीने भागावे. पिठाचा भागाकार बहुधा मोठा येईल. त्याचे कारण विद्यार्थ्यांनी शोधावे.

रुळावरून धावणाऱ्या गाडीतील प्रवाशाला प्रयोगशाळेतील तुला कधी दिसत नाही. तरीही रुळाचे पोलाद योग्य घटकांचे आहे ही त्याची खात्री अखेर अशाच चिमूटभर चूर्णाच्या प्रामाणिक तोलनावर उभी असते.