प्रौढांचा खेळ : विसांवा कीं पलायन ?

खेळणें हें लेंकरांचें काम आणि संसार करणें हें मोठ्यांचें काम, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. म्हणून एखादा गृहस्थ दिवसभराचा कामधंदा आटोपून संध्याकाळीं ओसरीवर मोबाइलवरचा खेळ खेळत बसला, कीं पाहणारे म्हणतात, "वय वाढलें, पण अक्कल वाढली नाहीं." उलट कित्येक विद्यार्थी घरच्या वडील माणसांकडे बोट दाखवून विचारतात, "त्यांनीं खेळावें आणि आम्हांस मात्र मनाई कां ?" हा प्रश्न पोरकट नव्हे. त्याचा विचार येथें थोडक्यांत करूं.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, प्रौढांचें खेळणें ही मोबाइलनें आणलेली नवी गोष्ट नव्हे. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत वेरूळचीं लेणीं आहेत. त्यांतील एकविसाव्या लेण्यांत शिव व पार्वती सारीपाट खेळत आहेत, असें शिल्प सुमारें चौदाशें वर्षांपूर्वीं कोरलेलें आहे. सापशिडीचा पूर्वज जो मोक्षपट, त्याचें कर्तृत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. त्याच्या शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे; खेळ सोंगट्यांचा खरा, पण विषय मोक्षाचा ! पंचमीला माहेरीं आलेली सासुरवाशीण झोका घेते, फुगडी घालते. तिला कोणी पोरकट म्हणत नाहीं. जुलै २०२५ मध्यें जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यांत तिच्यासमोर बसलेल्या कोनेरू हम्पी या अडतीस वर्षांच्या व एका मुलीच्या आई होत्या. तेव्हां केवळ वयावरून खेळणाऱ्यास दोष देणें न्याय्य नव्हे.

यावर कोणी म्हणेल, "पट निराळा आणि मोबाइलचा पडदा निराळा." या म्हणण्यांत तथ्य आहे. पटावरचा डाव संपतो. सोंगट्या पिशवींत जातात आणि मंडळी उठतात. मोबाइलवरील पुष्कळ खेळ मात्र संपूं नयेत अशाच बेतानें रचलेले असतात. एक पायरी चढली कीं दुसरी पुढें उभी. आज खेळ उघडला नाहीं, तर आजचें बक्षीस बुडालें! खेळणाऱ्यास उठूं न देण्यांत ते विकणाऱ्याचा लाभ असतो. जुन्या पटापेक्षां येथें अधिक सावध राहावें लागतें, तें याच कारणानें. तथापि पडदा आहे एवढ्यावरूनच सारे खेळ त्याज्य ठरत नाहींत. एके काळीं कादंबरी वाचणें हेंही आळशी माणसाचें व्यसन समजत असत; आज आपण ती आनंदानें मुलांच्या हातीं देतों.

आतां मुख्य प्रश्न. विसांवा कोणता आणि पलायन कोणतें ? विसाव्याला झाडाखालीं बसलेला वाटसरू पुन्हां आपली वाट धरतो. पलायन करणारा वाटच सोडतो. आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. पहांटेपासून फडांत राबलेला मनुष्य रात्रीं कोपींत पडल्यापडल्या अर्धा तास खेळला, तर त्याला पळपुटा कोण म्हणेल ? पण त्याच्याइतकीच थकलेली त्याची बायको एकटी चुलीपुढें बसली आहे, लेंकरूं पाटी घेऊन तिष्ठत आहे, आणि अर्ध्या तासाचे तीन तास झाले आहेत, असें असेल तर ? खेळ तोच, मनुष्य तोच. परंतु आतां त्यानें दुसऱ्याचा वांटा पणाला लावला आहे.

महाभारतांतील द्यूताचा धडा हाच आहे. युधिष्ठिर पोर नव्हता, अज्ञानीही नव्हता. सर्वस्व हरल्यावर त्यानें द्रौपदीला पणाला लावलें, तेव्हां तो खेळ राहिलाच नाहीं. आजही मोबाइलवर पैसे लावून खेळण्याच्या नादानें घरें कर्जांत बुडतात. म्हणूनच ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यानें पैजेवांचूनच्या ई-क्रीडेला मात्र मान्यता दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेंही खेळण्याच्या विकाराची नोंद आपल्या रोगसूचींत केली असून ती सूची १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आली. तिच्यांतील लक्षणें अशीं : खेळण्यावर ताबा न राहणें, इतर सर्व कामांहून खेळ मोठा होणें, आणि नुकसान दिसत असूनही तो न सुटणें. सामान्यतः हा प्रकार वर्षभर चालल्याचें दिसावें लागतें. येथेंही वयाचा उल्लेख नाहीं.

पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत प्रौढपणीं बाळपणाच्या गोष्टी सोडून दिल्याचा उल्लेख येतो, आणि तो पुष्कळदां खेळाविरुद्ध पुढें केला जातो. परंतु तो सारा अध्याय प्रीतीविषयीं आहे, हें विसरूं नये. बाळ फक्त आपली भूक जाणतें. प्रौढ दुसऱ्याची भूक जाणतो. प्रौढपणाचें माप हेंच.

तेव्हां विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं खेळावें; पण तुमचा शाळेचा वेळ आईबापांनीं घाम गाळून मिळविलेला आहे, तो पणाला लावूं नये. आणि पालकांस नम्र विनंति अशी कीं, मुलास जो नियम, तोच आपणांसही लावावा. जेवणाच्या वेळीं घरांतील सर्वांचेच मोबाइल फळीवर ठेवावे. हांक आली असतां डाव अर्धा टाकून उठणारा बाप मुलांस दिसला, तर त्याला खेळाविषयीं वेगळा उपदेश करावा लागणार नाहीं.