पुण्याचे योगगुरुजी

मुलांनो, ही १९३७ सालची गोष्ट आहे. त्या वर्षी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर एक नवा शिक्षक रुजू झाला. त्याचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. अंगाने तो इतका किरकोळ होता, की हा दुसऱ्याला व्यायाम काय शिकवणार, असा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहावा. कानडी मुलखातून तो आलेला. मराठीचा एक शब्दही त्याला येत नव्हता आणि इंग्रजी जेमतेम येई. शिकायला येणारी मुले मात्र महाविद्यालयांतली, वयाने त्याच्या बरोबरीची किंवा मोठी, जोर-बैठकांनी आणि मैदानी खेळांनी अंगे कमावलेली. अशा मुलांना त्याने योगासने शिकवावीत, असा सहा महिन्यांचा करार होता.

या तरुणाचे नाव बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार. बेल्लूर हे त्याचे जन्मगाव. पूर्वीच्या म्हैसूर संस्थानातील कोलार जिल्ह्यात हे लहानसे खेडे आहे. तेथे १४ डिसेंबर १९१८ रोजी त्याचा जन्म झाला. ते साल इन्फ्ल्युएन्झाच्या महामारीचे होते. आईही त्या तापाने अंथरुणाला खिळलेली होती आणि अशा स्थितीत हे अशक्त मूल जन्माला आले. वडील शाळामास्तर, घरात भावंडांचे लेंढार आणि पैशाची सदैव ओढ. सुंदरराज नऊ वर्षांचा असताना वडीलही गेले. त्याला हिवताप झाला, विषमज्वर झाला, पुढे क्षयाचीही बाधा झाली. डोके जड, हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले, असे आपल्या त्या काळच्या रूपाचे वर्णन त्यांनी स्वतःच पुढे केले आहे. शाळेतही यश बेताचेच. मॅट्रिकच्या परीक्षेत इंग्रजीने दगा दिला आणि शिक्षणाची वाट तेथेच खुंटली.

१९३४ साली त्याच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान टी. कृष्णमाचार्य हे मोठे योगविद्यापंडित होते. म्हैसूरच्या महाराजांच्या आश्रयाने जगन्मोहन राजवाड्यात ते योगशाळा चालवीत. त्या वर्षी ते आपल्या महाराष्ट्राकडे निघाले होते. लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापिलेल्या कैवल्यधामास त्यांना भेट द्यावयाची होती. आपण परत येईपर्यंत बहिणीच्या सोबतीला म्हैसूरला येऊन राहा, असे त्यांनी या मुलाला सांगितले. तो गेला आणि पुढे तेथेच राहिला. परंतु कृष्णमाचार्यांना त्याच्याकडून योगाची फारशी आशा नव्हती. उभ्याने वाकले तर ज्याची बोटे जेमतेम गुडघ्यापर्यंत पोहोचत, त्याला काय शिकवावे? एक दिवस त्यांचा निष्णात शिष्य कोणास न सांगता योगशाळा सोडून गेला. जाहीर प्रात्यक्षिके तर तोंडावर आलेली. तेव्हा नाइलाजाने मेहुण्याची दृष्टी या मुलाकडे वळली आणि काही दिवसांतच अवघड आसने त्याच्याकडून करवून घेण्यात आली. गुरू अत्यंत कडक होते. समोर उभे राहतानासुद्धा मुलाला धाक वाटे.

१९३६ साली गुरूंबरोबर तो उत्तर कर्नाटकाच्या दौऱ्यावर गेला. बेळगावात डॉ. व्ही. बी. गोखले नावाच्या सिव्हिल सर्जनांनी त्याची आसने पाहिली. शस्त्रक्रिया करणाऱ्या या माणसाला शरीराची आतली रचना ठाऊक. त्यामुळे त्या पोराच्या अंगाची लवचीकता पाहून ते थक्क झाले. सेवानिवृत्तीनंतर गोखले पुण्यात आले आणि त्यांच्याच खटपटीने पुण्याचे बोलावणे निघाले. म्हैसूर सोडण्यात तरुण अय्यंगारांचा आणखी एक हेतू होता. गुरूंच्या धाकातून त्यांना मोकळे व्हावयाचे होते. ही गोष्ट त्यांनी पुढे कधी लपवून ठेवली नाही.

आता खरी कसोटी सुरू झाली. जिमखान्यावरचे विद्यार्थी त्यांना हसत. हसणाऱ्यांचाही सर्वस्वी दोष नव्हता. त्या काळी व्यायाम म्हटला, की पुण्यातल्या मुलांच्या डोळ्यांपुढे तालीम, कुस्ती आणि मल्लखांब उभे राहत. योग म्हणजे बैराग्यांचा आणि गोसाव्यांचा उद्योग, असाच समज सर्वत्र होता. योग शिकवणे हाच ज्याचा पोटापाण्याचा धंदा आहे, असा गृहस्थ कोणी पाहिलेला नव्हता. डॉ. गोखले मात्र पाठीशी उभे राहिले. ते व्याख्यान देत आणि अय्यंगार आसने करून दाखवीत. अय्यंगार नंतर कौतुकाने म्हणत, की मला शरीरशास्त्र कळले ते या डॉक्टरांमुळे.

आणि एक अडचण अशी होती, की ती कोणाला सांगण्यासारखीही नव्हती. गुरूंनी आसने करवून घेतली होती. पण ती कशी करावीत आणि का करावीत, हे शिकवले नव्हते. विद्यार्थी विचारीत, "गुडघा दुखतो तो का? पाठ ताठते ती कशाने?" शिक्षकाजवळ उत्तर नसे. मी स्वतः बरीच वर्षे शाळेत शिकवले आहे. वर्गात उभे राहिल्यावर आपल्याला उत्तर येत नाही हे जाणवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी दोनच वाटा असतात. एक, विचारणाऱ्याला दटावून गप्प बसवावे. दुसरी, घरी जाऊन उत्तर शोधावे. अय्यंगारांनी दुसरी वाट धरली. ते रोज तासन् तास एकट्याने आसने करू लागले. कधी कधी हा अभ्यास दहा तासांपर्यंत जाई. पाऊल किंचित आत वळवले, तर गुडघ्यावर काय परिणाम होतो? खांदा मागे नेला, तर श्वास मोकळा होतो का? शरीर हेच पुस्तक आणि तेच प्रयोगशाळा. आज सापडलेले उत्तर उद्या वर्गात द्यावयाचे, हा त्यांचा नेम झाला. शिकवावयाचे होते म्हणून ते शिकले, आणि या शोधाची त्यांना अशी गोडी लागली, की दुसरा उद्योग त्यांनी कधी पत्करला नाही.

पण गोडीने पोट भरत नाही. जिमखान्याचा करार वाढत वाढत अखेर संपला आणि शिकवण्या मिळेनात. अय्यंगार सायकलवरून पुणे पालथे घालीत, विद्यार्थी शोधीत. दोन-तीन दिवसांतून एकदा भाताचे ताट मिळावे आणि एरवी नळाच्या पाण्यावर किंवा चहावर भागवावे, असेही दिवस त्यांनी काढले. आश्चर्य असे, की त्या उपाशीपणातही रोजचा अभ्यास सुटला नाही. १९४३ साली रमामणींशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्या तेव्हा त्यांना योगाची काहीच माहिती नव्हती. पतीनेच त्यांना आसने शिकवली, आणि थोड्याच काळात त्या त्यांच्या परीक्षक झाल्या. घरी आसन करताना पाठ वाकडी होते आहे, की मान, हे बाजूला उभे राहून त्या सांगत. आपली चूक आपल्याला दिसत नाही. ती पाहणारे माणूस घरातच लाभले, हे या शिक्षकाचे भाग्य.

हळूहळू रोगी येऊ लागले. कोणाची कंबर धरलेली, कोणाचे खांदे जखडलेले. धडधाकट मुलांना सांगितलेले आसन अशांना जमणे शक्य नव्हते. येथेच अय्यंगारांची प्रतिभा प्रकट झाली, असे मला वाटते. त्रिकोणासनाचेच उदाहरण घ्या. दोन्ही पायांत पुरेसे अंतर घेऊन उभे राहावयाचे, उजवे पाऊल उजवीकडे वळवावयाचे आणि गुडघे ताठ ठेवून उजव्या अंगाला झुकत उजवा तळवा घोट्याजवळ जमिनीला लावावयाचा. डावा हात सरळ वर. वाचायला सोपे वाटते. पण ज्याचे अंग आखडलेले आहे, तो जमीन गाठण्याच्या हट्टाने गुडघा वाकवतो, नाही तर छाती पुढे झुकवतो. तळवा टेकतो खरा, पण आसन बिघडते. अय्यंगारांनी अशा माणसाच्या हाताखाली एक वीट ठेवली. जमीन वीतभर वर आली! गुडघा ताठ राहिला, छाती उघडी राहिली, श्वास मोकळा झाला. विटेमागून पट्टे आले, भिंतीला बांधलेले दोर आले, घडीची खुर्ची आली, घोंगड्या आल्या, लाकडी बाकेही आली. आज जगभर योगाच्या वर्गांतून दिसणारी ही साधने पुण्यात एका शिक्षकाच्या निकडीतून जन्मली आहेत. आसनासाठी माणसाला मोडू नये, माणसासाठी आसन जुळवून घ्यावे, असा त्यांचा रिवाज होता.

तथापि, शिक्षक म्हणून ते सौम्य होते, असा समज करून घेऊ नका. वर्गात त्यांचा आवाज गर्जनेसारखा घुमे. ढिला पडलेला खांदा किंवा मांडी ते चापट मारून जागी करीत. शिक्षकाने विद्यार्थ्यावर हात उगारावा, हे मला कधी पटले नाही आणि येथेही पटत नाही. मात्र त्यांच्या शिष्यांनी हेही सांगितले आहे, की त्यांची नजर एकाच वेळी वर्गातल्या प्रत्येकावर असे आणि जो सर्वांत दुबळा, त्याच्याजवळ ते सर्वांत जास्त वेळ थांबत.

१९५२ साली विख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन भारतात आले होते. मुंबईस त्यांची अय्यंगारांशी भेट ठरली. सततच्या प्रवासाने आणि वादनाने पाहुणा थकलेला होता. झोप येत नव्हती. "मला पाचच मिनिटे वेळ आहे," असे त्यांनी सांगितले. अय्यंगारांनी त्यांना निजवले आणि बोटांनी हलकेच डोळे व कान झाकले. मेन्युहिन तेथेच गाढ झोपी गेले. पाच मिनिटे केव्हाच उलटून गेली! या भेटीतून जन्मभराची मैत्री जडली. १९५४ साली मेन्युहिन त्यांना स्वित्झर्लंडला घेऊन गेले. त्यांनी आपल्या या शिक्षकाला एक घड्याळ भेट दिले आणि त्यावर कोरून घेतले, की हे माझे सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षक आहेत. अय्यंगारांनी उभ्या जन्मात व्हायोलिनवर गज फिरवलेला नव्हता.

पुढे परदेशांतून आमंत्रणे येऊ लागली. बेल्जियमच्या वृद्ध राणी एलिझाबेथ यांनी ऐंशी वर्षे उलटल्यावर शीर्षासन शिकण्याचा आग्रह धरला आणि अय्यंगारांनी तो पुरवला. जयप्रकाश नारायण आणि जे. कृष्णमूर्ती हेही त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी होत. १९६६ साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात आसनांची सुमारे सहाशे छायाचित्रे असून सर्वांत त्यांचीच मुद्रा आहे. मॅट्रिकला इंग्रजीत अडखळलेल्या मुलाचा हा ग्रंथ जगातील अनेक भाषांत गेला. मराठीत तो 'योगदीपिका' या नावाने ओळखला जातो. मानसन्मानांची यादी मोठी आहे. भारत सरकारने १९९१ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण आणि २०१४ साली पद्मविभूषण देऊन त्यांचा गौरव केला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

पुण्यात आपली स्वतःची वास्तू असावी, हे पतिपत्नींचे स्वप्न होते. जानेवारी १९७३ मध्ये शिवाजीनगर भागातील जागेवर भूमिपूजन झाले, आणि त्यानंतर तीनच दिवसांनी रमामणींचे निधन झाले. पुढे उभ्या राहिलेल्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले. १९ जानेवारी १९७५ रोजी तिचे उद्घाटन झाले. या इमारतीला आठ खांब आहेत. पतंजलींनी सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांची ती खूण होय. थोरली कन्या गीता आणि पुत्र प्रशांत यांनीही आयुष्यभरासाठी हेच काम पत्करले. गीताताईंना लहानपणी मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला होता आणि त्या आसनांकडे वळल्या त्या या आजारामुळेच.

१९७९ साली आणखी एक परीक्षा झाली. तेव्हा अय्यंगारांनी साठी ओलांडली होती. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटरचा अपघात होऊन त्यांच्या पाठीच्या कण्याला आणि खांद्याला मार बसला. तो बरा होतो न होतो, तोच काही महिन्यांत दुसरा अपघात झाला. चाळीस वर्षे ज्या शरीरावर हुकमत चालवली, ते साधे वाकेनासे झाले. तेव्हा या माणसाने काय केले? ते आपल्याच वर्गातले नवे विद्यार्थी झाले. रोग्यांसाठी तयार केलेल्या त्याच विटा, ते पट्टे, त्या खुर्च्या त्यांनी स्वतःसाठी घेतल्या आणि पहिल्या धड्यापासून आरंभ केला. पूर्वीचा अभ्यास बहुतांशी परत मिळवायला त्यांना कित्येक वर्षे लागली.

१९८४ साली त्यांनी नियमित वर्गांतून निवृत्ती घेतली. म्हणजे कागदोपत्री घेतली. वास्तविक ते रोज सकाळी त्याच दालनात येत आणि एका बाजूला आपला अभ्यास करीत. रोग्यांच्या वर्गात तर ते अखेरपर्यंत फिरत राहिले. नव्वदी उलटल्यावरही ते बराच वेळ शीर्षासनात राहत. त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांची नात अभिजाता तेथे वर्ग घेत असे. आजोबा कमानदार बाकावर पाठ टेकून, छाती वर आणि डोके खाली अशा स्थितीत पडलेले असत. तशा उलट्या दृष्टीनेच ते वर्ग न्याहाळीत. मध्येच त्यांना कोणाची तरी चूक दिसे. मग ते नातीला जवळ बोलावून हळूच काही सांगत. ती ते मोठ्याने साऱ्या वर्गाला सांगे. तेवढ्यानेही भागले नाही, तर बाकावरून उठून ते स्वतः त्या विद्यार्थ्याजवळ जात, त्याचा खांदा नीट करीत आणि पुन्हा आपल्या बाकावर येऊन पडत. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंच्याण्णव वर्षांचे होते.