मैत्रिणीला क्षय, मग आमचं काय?

प्रश्न : कवठे महांकाळला कॉलेजच्या वसतिगृहात आम्ही चौघी एका खोलीत राहतो. एकीला फुफ्फुसाचा क्षयरोग निघाला. तिचं ताट-पेला आम्ही वेगळा केलाय. मला खोकला नाही, बीसीजीही झालीय. तरी तपासणी करावी का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुम्ही तिघींनीही तपासणी कराच, ताट मात्र वेगळं ठेवू नका. क्षय भांड्यांतून पसरत नाही. रुग्णाच्या खोकण्याशिंकण्यातून हवेत उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो. त्यामुळे भांडी उकळण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवा. (थंडीतसुद्धा!)

लहानपणच्या बीसीजीवर मोठेपणी विसंबता येत नाही. सरकारी रुग्णालयात लक्षणांची चौकशी, छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास बेडक्याची तपासणी मोफत होते. जंतू शरीरात शिरला म्हणजे आजार झालाच, असं नव्हे. बहुतेकांत तो निद्रिस्तच राहतो. आजार नसल्याची खात्री झाल्यावर डॉक्टर प्रतिबंधक गोळ्या सुचवू शकतात. पुढे दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजनात घट दिसली, तर मेडिकलमधून खोकल्याचं औषध आणून दिवस काढू नका.

मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या आरोग्यधामात एकेकाळी क्षयरुग्ण महिनोन्महिने राहत. आता साधारण ६ महिन्यांच्या गोळ्या पुरतात. योग्य औषधं लागू पडली की काही आठवड्यांत संसर्गाचा धोका खूप घटतो. तोवर मैत्रिणीला मास्क आणि हवेशीर वेगळी खोली द्यावी. खोलीत कधी परतायचं ते डॉक्टर सांगतील. निक्षय पोषण योजनेतून तिला आहारासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात, नोंदणी झाली का विचारा. आणि बरं वाटलं म्हणून तिला गोळ्या मध्येच सोडू देऊ नका.