उजेड पाहून ओरडणारा घरगुती कोंबडा



अलिबाग-रेवदंड्याकडे आपल्या वाडवडिलांना पहाटे उठवायला कोंबडा असे. येथे दिमोना, लोद किंवा अश्दोदच्या तिसऱ्या मजल्यावर कोंबडा पाळण्याची सोय नाही. म्हणून या पाठात आपण बॅटरीवरचा कोंबडा तयार करू. त्याला वेळ कळत नाही, फक्त उजेड कळतो. त्याची गंमत आणि त्यातला धडा दोन्ही येथेच आहेत.

सामान : ९ व्होल्टची बॅटरी, ५५५ क्रमांकाची चिप, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, एक एल.डी.आर.; १, १० व ६८ किलोओहमचे एकेक रेझिस्टन्स; ४७ किलोओहमचा फिरवायचा रेझिस्टन्स; ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर, पिझो चकती, ब्रेडबोर्ड व तारा. ५५५ ही चिप हान्स कामेनझिंड यांनी १९७१ साली आखली, १९७२ साली ती बाजारात आली आणि आजही सहज मिळते.

डोळा : एल.डी.आर. हा कोंबड्याचा डोळा. अंधारात तो विजेची वाट अडवतो, उजेड पडला की मोकळी करतो. बॅटरीच्या धन टोकापासून १ किलोओहम, पुढे एल.डी.आर. आणि त्याचे दुसरे टोक ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला, म्हणजे बेसला जोडा. बेस आणि ऋण टोक यांच्यामध्ये फिरवायचा रेझिस्टन्स घाला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे व पाय खाली धरले, तर डावा पाय कलेक्टर आणि उजवा एमिटर. एमिटर ऋण टोकाला जोडा.

गळा : चिपची खाच डावीकडे ठेवली की खालचा डावा पाय १ नंबरचा, तेथून खालच्या ओळीत उजवीकडे २, ३, ४ आणि वरच्या ओळीत उजवीकडून डावीकडे ५ ते ८. पाय ४ व ८ धन टोकाला, पाय १ कलेक्टरला. ८ व ७ मध्ये १० किलोओहम, ७ व ६ मध्ये ६८ किलोओहम. ६ व २ एकमेकांस जोडा. २ व १ मध्ये कंडेन्सर, ३ व १ मध्ये पिझो चकती. पाय ५ मोकळा राहू द्या.

कंडेन्सर भरतो आणि रिकामा होतो, तशी चकती थरथरते. या मापांनी सेकंदाला सुमारे १००० वेळा, म्हणजे शिटीसारखा आवाज येतो. कंडेन्सर ०.१ चा घातला की सुमारे १०० वेळा, म्हणजे भुंगा. १ चा घातला की सुमारे १० वेळा, म्हणजे पावसाळ्यातला बेडूक! घरातल्या झोपाळू माणसाला कोणता प्राणी लागू पडतो ते आपणच ठरवावे.

आता धडा. यंत्र आपण सांगितले तेवढेच पाहते. रात्री दोन वाजता पाहुण्याने दिवा लावला तरी हा कोंबडा ओरडेल. खिडकीचे त्रीस खाली असेल तर दुपारपर्यंत गप्प बसेल. म्हणून डोळ्याला लांब तार जोडून तो त्रीसच्या फटीपाशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवा. इस्राएलात जूनमध्ये सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, डिसेंबरअखेर साडेसहानंतर. तेव्हा दोन्ही ऋतूंत फिरवायचा रेझिस्टन्स नव्याने लावावा लागेल. ज्यांना पहाटेची पाळी किंवा बस गाठायची आहे त्यांनी नेहमीचा गजरही लावावा.

त्याला गप्प करायचे तर डोळ्यावर टोपी घालावी लागते. म्हणून डोळा पलंगापासून दूर असू द्या. उठून चालत गेलेला माणूस बहुधा परत झोपत नाही. शुक्रवारी दिवे लावण्यापूर्वी मात्र बॅटरीची तार आठवणीने काढून ठेवावी.

शेवटी एक विनंती. हे काम एकट्याने करू नका. नातवंडांना जवळ बसवा. ९ व्होल्टच्या बॅटरीने झटका बसण्याची भीती नाही. ती हिब्रूत विचारतील, आपण मराठीत सांगू. तार दोन्ही भाषांत एकाच ठिकाणी जोडली जाते. पहिल्यांदा आवाज निघाला नाही तर रागावू नये, एकेक पाय पुन्हा मोजावा. आणि बेडूक निवडलात, तर शेजाऱ्यांना आदल्या दिवशी कळवायला विसरू नका.